रस्त्याकाठचे पक्षी-उद्यान

शेतीच्या जोडीला एखादा पूरक धंदा असावा, ही गोष्ट आता शेतकरी बंधूंना सांगावी लागत नाही. उलट तेच आमच्याकडे नवनव्या कल्पना घेऊन येतात आणि उत्तरासाठी आम्हांला पुस्तके चाळावी लागतात. अशीच एक कल्पना गेल्या वर्षी माझ्यापुढे आली. तिचे उत्तर देताना माझ्याकडून जी घाई झाली, तिच्यामुळेच हा लेख लिहिणे मला भाग पडले आहे.

पिंपळे गुरव येथे माझे बिऱ्हाड आहे. पवनेच्या काठचे हे गाव एके काळी मळ्यांचे होते. जवळच पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना होऊन भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. आणि मळ्यांच्या जागी हळूहळू घरे आली. आमच्या शेजारच्या एका शेतकरी कुटुंबाची नदीकाठची जमीन अशीच गेली. त्या पैशातून त्यांनी चाकण-शिक्रापूर रस्त्याला लागून अडीच एकर जमीन घेतली. वडील सत्तरीचे, अजूनही हातात खुरपे धरणारे. मुलगा कारखान्यात नोकरीस. एका रविवारी सकाळी बापलेक दोघेही माझ्याकडे आले.

“साहेब, आमच्या बांधाला लागूनच रस्ता गेलाय. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रीघ असते,” मुलगा म्हणाला. “तिथं पक्ष्यांचं उद्यान काढावं म्हणतोय. मकाव, काकाकुवा, रंगीत पोपट. मोठे पिंजरे करायचे, तिकीट लावायचं. तुम्हांला कसं वाटतं?”

“कल्पना चांगली आहे. करा,” असे मी म्हणून गेलो. कुक्कुटपालनाचे शिक्षण घेतलेल्या माणसास निवारा, खाद्य, पाणी आणि औषध एवढ्यातच सर्व काही आले असे वाटते. वडील मात्र काही बोलले नाहीत. निघताना उंबऱ्यात थांबून त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, कोंबडी पिंजऱ्यात घातली तर अंडं देती. ह्यो पोपट काय देणार?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणून असा धंदा जगात कोणी केला, कसा केला व त्याचे पुढे काय झाले, याचा शोध मी घेतला. जे हाती आले ते ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या व शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

पेंडीच्या दुकानदाराचे रान

रस्त्याकाठी, एका कुटुंबाने चालविलेल्या पक्षी-उद्यानाचे एक चांगले उदाहरण अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामी शहराजवळ सापडते. त्याचे नाव ‘पॅरट जंगल’, म्हणजे पोपटांचे रान. त्याचा संस्थापक फ्रान्झ शेर हा मूळचा ऑस्ट्रियातला. फ्लोरिडातील होमस्टेड या गावी त्याचे पशुखाद्य व शेतीसामानाचे दुकान होते. म्हणजे आपल्याकडील पेंड-भुसा विकणाऱ्या दुकानदाराचाच तो भाऊबंद म्हणावयाचा. त्याच भागात जोसेफ ड्यूमाँड नावाच्या गृहस्थाने १९३३ मध्ये माकडे रानात मोकळी सोडली होती. तेथे माकडे मोकळी हिंडत व त्यांना पाहावयास आलेली माणसे जाळीच्या बोळातून चालत. हा उलटा प्रकार ऐकून आमच्या शेजारच्या वडिलांना फार हसू आले. शेरच्या मनात तशीच काहीशी गोष्ट पक्ष्यांविषयी होती. पक्षी पिंजऱ्यात न ठेवता झाडांवर मोकळे उडू द्यावेत, आणि तरीही त्यांनी तेथेच राहावे, अशी त्याची कल्पना होती.

तो काळ मंदीचा होता. अशा दिवसांत पोपट पाहण्यासाठी कोण पैसे मोजणार, असे कोणालाही वाटले असते. शेरने वीस एकर दाट रान वार्षिक २५ डॉलर भाड्याने घेतले. त्याने तेथे झाडे तोडली नाहीत, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. खडकाळ जमिनीतून, झाडांना वळसे घालीत जाणारी एक पायवाट त्याने खोदून घेतली आणि रस्त्याच्या बाजूस प्रवेशद्वार बांधले. २० डिसेंबर १९३६ रोजी उद्यान उघडले. पहिल्या दिवशी सुमारे शंभर माणसे आली. प्रत्येकी २५ सेंट दर होता, आणि त्या दरात शेर स्वतः पक्षी, झाडे व फुले दाखवीत माहिती सांगे. हिशेब केला तर पहिल्या एका दिवसाचा गल्ला सुमारे २५ डॉलर होतो, म्हणजे जवळजवळ एका वर्षाचे भाडे. मुळात खर्चच इतका बेताचा ठेवलेला होता. इमारती, कुंपणे व पिंजरे यांत पैसा अडकविला असता तर पहिल्या दिवशीचे शंभर गिऱ्हाईक त्याच्या व्याजासही पुरले नसते.

मकाव हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील लांब शेपटीचा मोठा पोपट होय. हा पक्षी थव्याने राहतो, जोडी जमली की ती सहसा सोडत नाही, आणि अन्न मिळण्याची जागा व वेळ पक्की ध्यानात ठेवतो. ठराविक वेळी ठराविक हाताने दाणा मिळत गेला, बसावयास उंच झाड व घरट्यास ढोली मिळाली, की तो फिरून त्याच जागी येतो. हे काम पगारी नोकरावर सोडून होण्यासारखे नसते. रोज तेच माणूस, तीच वेळ, तीच हाक लागते. कुटुंबाने चालविलेल्या उद्यानाचा लाभ येथेच दिसून येतो. आपल्याकडे गोठ्यातील गाय घरधनिणीच्या हातालाच पान्हा सोडते, त्यातलाच हा प्रकार.

पुढे तेथे फ्लेमिंगो पक्ष्यांचे तळे झाले. तारेवरून चिमुकली सायकल चालविणारा काकाकुवा प्रसिद्धीस आला. (हा सायकलीचा खेळ मला स्वतःला फारसा रुचत नाही, परंतु लोकांना तो आवडे, हे नमूद केले पाहिजे.) १९४६ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी या उद्यानास भेट दिली. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडील कुटुंबे मोटारी घेऊन फ्लोरिडात उतरत. वाटेत पाटी दिसली की गाडी थांबे, मुले उतरत, तासाभराने गाडी पुढे जाई. अशी कितीतरी लहान-मोठी ठिकाणे त्या काळी फ्लोरिडाच्या रस्त्यांवर पोटापुरते कमवून होती.

ज्या रस्त्याने त्यांना जगविले, त्यानेच पुढे त्यांतील अनेकांना मारले. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत नवे द्रुतगती महामार्ग बांधण्यास प्रारंभ झाला. वाहने गावाबाहेरून वेगाने जाऊ लागली व जुन्या रस्त्याकाठची पाटी दिसेनाशी झाली. ऑक्टोबर १९७१ मध्ये ओरलँडोजवळ डिस्नेचे प्रचंड उद्यान उघडले, आणि प्रवाशांचा लोंढा तिकडे वळला. अनेक लहान ठिकाणे बंद पडली. पॅरट जंगल टिकले. १९८८ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी, शेर कुटुंबाने ते बर्न लेव्हिन या पशुवैद्यास विकले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू नावाच्या चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडास झोडपले. तोवर उद्यानाभोवती वस्ती दाट झाली होती. २००२ मध्ये तेथील पाइनक्रेस्ट या गावाच्या स्थानिक संस्थेने जुनी जागा विकत घेतली व २००३ मध्ये पक्षी मायामीच्या वॉटसन बेटावरील नव्या, खर्चिक उद्यानात नेण्यात आले. तेथे मोठ्या कर्जाचा बोजा जड गेला आणि २०१७ मध्ये ते उद्यानही दुसऱ्यांच्या हाती गेले.

जुन्या जागेवर मात्र शेरने न तोडलेली झाडे गावाच्या बागेत राहिली. २०११ मध्ये त्या जागेची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत झाली.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. शेरप्रमाणे परदेशी पोपट मोकळे सोडण्याचा विचार आपल्याकडे कोणीही करू नये. फ्लोरिडात पाळीव परदेशी पोपटांच्या अनेक जाती सुटून रानटी झालेल्या आहेत. परका पक्षी स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतो, पिकावर पडतो, रोगही पसरवितो. त्याने झाडे राखली व खर्च आवरला, तेवढेच घेण्यासारखे आहे; पक्षी आपलेच हवेत.

मोराची चिंचोली

मायामी फार दूर आहे, असे कोणी म्हणेल. ज्या रस्त्यावर आमच्या शेजाऱ्यांची जमीन आहे, त्याच रस्त्याने शिक्रापुरास जावे आणि तेथून कान्हूर मेसाईच्या दिशेस वळावे, म्हणजे शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव लागते. पुण्यापासून हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. गावाचे नाव चिंचांवरून व मोरांवरून पडले आहे. ही चिंचेची झाडे पेशवेकाळापासूनची आहेत, असे गावात सांगतात. मोर येथे कोणी आणून सोडलेले नाहीत. ते शेतात, बांधावर, ओढ्याच्या झुडपांत आणि घरांच्या छपरांवरही वावरतात. पहाटे व दिवेलागणीच्या सुमारास ते हमखास दिसतात. दुपारच्या उन्हात आलेला पाहुणा बहुधा निराश होऊन परततो.

या गावातील काही शेतकरी कुटुंबे कृषी पर्यटन केंद्रे चालवितात. अंगणात पिठले-भाकरी, हंगामात हुरडा, बैलगाडीतून फेरफटका आणि मोरांचे दर्शन असा त्यांचा क्रम असतो. महाराष्ट्रात ही कल्पना रुजविण्याचे काम पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामती भागातून आरंभिले, आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. या धोरणान्वये किमान एक एकर शेतजमीन असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचे अडीच एकर त्यास पुरेसे आहेत.

चिंचोलीचे मोर पाहावयास मिळतात ते गावाने त्यांना वावरू दिले म्हणून. यात शेतकऱ्याचे काही नुकसानही होते, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पेरलेले दाणे मोर उकरून खातो, कोवळी रोपे टोचतो, टोमॅटो-मिरचीवरही त्याची चोच पडते. दुसऱ्या बाजूस तो टोळ, अळ्या, वाळवी, उंदराची पिले व लहान सापही खातो. हा जमाखर्च प्रत्येक शेतात सारखा येत नाही. ज्याच्या रानात भाजीपाला आहे त्यास मोर नकोसा होतो, ज्याच्या अंगणात पाहुणे येतात त्यास तो हवासा वाटतो. एकाच गावात हा वाद असू शकतो, आणि कार्यकर्त्यांनी तो थट्टेवारी नेऊ नये.

मोराविषयी थोडी माहिती येथे देणे योग्य होईल. १९६३ मध्ये तो भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो असल्याने त्यास पकडणे, मारणे वा अंडी गोळा करणे हा गंभीर गुन्हा आहे. लांडोर जमिनीवरच, झुडपाच्या आडोशास खळगा करून बहुधा चार ते सहा अंडी घालते व सुमारे २८ दिवस एकटीच उबवते. म्हणून पावसाळ्यात बांध साफ करताना किंवा गवत कापताना लांडोर पायांतून उठली, तर तेवढा तुकडा महिनाभर सोडून द्यावा. रात्री हे पक्षी उंच झाडावर बसतात. झाड गेले की मोरही जातो. पाऊस ओसरला की मोराचा पिसारा गळतो. ही आपोआप गळालेली पिसे वेचण्यास हरकत नाही, मात्र पिसांसाठी पक्षी मारणाऱ्यास कायदा क्षमा करीत नाही.

मोरांना पेरणीच्या दिवसांत विशेष धोका असतो. औषध चोळलेले बियाणे उघडे पडले की ते मोर वेचतात व विषबाधा होऊन मरतात. बीजप्रक्रिया करू नये असे मी म्हणणार नाही. बी पुरेसे खोल पडावे, तिफणीच्या वळणावर सांडलेले दाणे मातीआड करावेत, आणि उरलेले बियाणे उकिरड्यावर टाकू नये, एवढी दक्षता घेतल्यास बराच अनर्थ टळतो. उन्हाळ्यात उथळ पाण्याची दगडी डोणी बांधावर ठेवावी. विहिरीस कठडा असावा.

जेथे मोरांचा वावर आहे तेथे कोंबड्या बंदिस्त ठेवणे हितावह असते. कोंबडीच्या आतड्यातील एक सूक्ष्म परोपजीवी तिला स्वतःला फारसा बाधत नाही, परंतु तिच्या विष्ठेतून तो जमिनीत उतरतो व मोर आणि टर्की यांना यकृताचा घातक रोग जडवितो. मानमोडीची लस कोंबड्यांना वेळेवर द्यावी. बर्ड फ्लूचा अनुभव तर महाराष्ट्रास आहेच. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता. अशा वेळी बाधित ठिकाणाच्या एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. दाटीवाटीने पक्षी पिंजऱ्यात ठेवणाऱ्याने हा धोका आधीच मनात धरावयास हवा.

पिंजऱ्याचा कायदा

आता माझी चूक सांगतो. “करा” असे म्हणताना कायद्याचा विचार माझ्या मनात आला नाही. लोकांना दाखविण्यासाठी बंदिस्त प्राणी-पक्षी ठेवण्याची जागा ही कायद्याच्या दृष्टीने प्राणिसंग्रहालय ठरते, आणि १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून ती चालविता येत नाही. रस्त्याकाठी पिंजरे मांडून तिकीट लावणे म्हणजे चहाची टपरी टाकणे नव्हे. आपला साधा हिरवा पोपट, मैना किंवा मुनिया पिंजऱ्यात ठेवणे हा तर गुन्हाच आहे, मग तो पोपट कितीही वर्षे घरात वाढलेला असो. मकाव, काकाकुवा यांसारख्या परदेशी पक्ष्यांचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात करण्यात आला असून २०२४ च्या नियमांप्रमाणे ज्याच्याजवळ ते असतील त्याने त्यांची नोंदणी केली पाहिजे. ज्या विक्रेत्याकडे कागदपत्र नाही, त्याच्याकडून पक्षी घेणारा स्वतःच अडचणीत येतो.

हे सर्व मला कळेपर्यंत महिना लोटला होता. मी शेजाऱ्यांकडे गेलो तेव्हा मुलाने एका विक्रेत्यास बयाणा दिलेला होता. कागदपत्र मागा, असे मी त्याला सांगितले. विक्रेत्याने आज देतो, उद्या देतो असे केले आणि अखेरीस कागद नाहीतच हे उघड झाले. बयाण्यापैकी निम्मी रक्कम परत आली, निम्मी बुडाली. मुलाने मला दोष दिला नाही, हा त्याचा चांगुलपणा. दोष माझ्याकडे काही प्रमाणात होता. सल्ला देणाऱ्याने माहीत नसेल तेथे ‘पाहून सांगतो’ म्हणावे, हे आम्हांला प्रशिक्षणातच शिकविलेले असते.

त्यानंतर आम्ही तिघे त्या जमिनीवर गेलो. एका बाजूस रस्ता, पलीकडे ओढा, ओढ्याकाठी चार बाभळी व एक जुने उंबर. बाभळीच्या फांदीस सुगरणीची घरटी लोंबत होती. उंबरास फळ होते आणि त्यावर हरियालांचा थवा उतरलेला होता. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पानांत असा मिसळतो की तो उडेपर्यंत दिसत नाही. मुलाने ते झाड त्याआधी कितीदा पाहिले असेल, पण त्यावर पक्षी पाहिले नव्हते. वडील म्हणाले, “ते रोजचंच हाय. दाखवाया कशाला पायजे?”

कोणती झाडे लावावीत, यावर बराच वेळ बोलणे झाले. वड, पिंपळ व उंबर यांच्या फळांवर बुलबुल, तांबट, कोकीळ, हरियाल येतात. पांगारा व काटेसावर फुलली की मैना, सूर्यपक्षी, कोतवाल यांची झुंबड उडते. काटेरी झुडपे लहान पक्ष्यांना घरट्यास लागतात, तेव्हा बांध फार स्वच्छ करण्याचा हव्यास नको. उत्पन्नाचे झाड म्हणून मी चिंच सुचविली. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या संशोधनातून पुढे आलेल्या ‘प्रतिष्ठान’ जातीची कलमे चार-पाच वर्षांत फळ धरू लागतात. बियांपासून वाढविलेल्या झाडास आठ-दहा वर्षे लागतात. दहा मीटर अंतर ठेवले तर अडीच एकरांत शंभर झाडे बसतील. पण त्यांना ज्वारी व कांदा सोडावयाचा नव्हता, म्हणून कलमे बांधानेच लावण्याचे ठरले.

“साहेब, रस्ता रुंद होणार म्हणतात,” मुलाने मध्येच विचारले. “झाडं त्यात गेली तर?”

तेव्हा रस्त्याकडची बाजू मोकळी सोडून ओढ्याकडून आरंभ करावा, असे आम्ही ठरविले. प्रवाशास झाडे दुरून दिसतील. वाटल्यास तो उतरून चालत येईल.

आषाढात चाळीस कलमे लागली. मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा त्यांतील चौतीस जगली होती. सहांच्या जागी नव्याने लावावी लागतील. ओढ्याच्या बाजूस दगडी डोणी ठेवलेली आहे व वडील रोज सकाळी ती घासून भरतात. पाटी अजून लावलेली नाही. दोन-तीन रविवारी ओळखीची कुटुंबे येऊन गेली. त्यांच्याकडून भाकरी-पिठल्याचे पैसे घेतले, पक्ष्यांचे नाही. मोर अद्याप आलेला नाही, पण ओढ्यापलीकडून त्याचा आवाज ऐकू येतो असे वडील सांगतात. मुलगा आता पहाटे उठून ऐकतो.